आधी मुलाला जमिनीवरून उठू द्या

अठरा वर्षांपूर्वी इंदूरजवळच्या एका गावातून ७ वर्षांची मुलगी माझ्याकडे आली. थकवा होता, भूक मंदावली होती, एसजीओटी व एसजीपीटी वाढलेले होते. यकृताचा विकार समजून मी तीन आठवडे उपचार केले. पुढच्या भेटीत आजी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, ही पाटावरून उठताना गुडघ्यांवर हात टेकते. वेणी घालायला हात वर जात नाहीत." तेव्हा कुठे मी तिला जमिनीवर बसवून उठायला सांगितले. पापण्यांवरील जांभळट छटा आणि बोटांच्या सांध्यांवरील लालसर खवले डोळ्यांसमोरच होते. मी ते पाहिले नव्हते.

निदान ठरले ज्युव्हेनाइल डर्मॅटोमायोसायटिस, म्हणजे त्वचेसह स्नायूंचा दाह. वर्षाला दहा लाख मुलांमागे साधारण २ ते ४ जणांना होणारा हा आजार आपल्याला सहसा आठवत नाही. पुरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे जाते, रक्ततपासणी यकृताकडे बोट दाखवते आणि मूल 'आळशी' ठरते. वस्तुतः ही एन्झाइम्स दुखावलेल्या स्नायूंतूनही रक्तात उतरतात. उलट सीपीके स्वाभाविक असूनही आजार असू शकतो. पुरळासाठी चार दिवस दिलेले स्टेरॉइड तर चित्र अधिकच पुसट करते.

स्टेरॉइडपूर्व काळात यातील सुमारे एक तृतीयांश मुले दगावत. आज बहुतेक सारी वाचतात. सुरुवातीपासून प्रेडनिसोनला मेथोट्रेक्सेटची जोड देणे हे नुसत्या प्रेडनिसोनपेक्षा सरस असल्याचे २०१६ साली 'लॅन्सेट'मधील आंतरराष्ट्रीय चाचणीने दाखवले. परंतु उपचारास विलंब झाला, तर त्वचेखाली व स्नायूंत कॅल्शियम साचण्याचा धोका वाढतो आणि त्यावर खात्रीचा इलाज आजही नाही. गिळताना ठसका लागणे वा आवाज अनुनासिक होणे, ही तर तातडीने रुग्णालयात पाठविण्याची लक्षणे होत.

माझे स्पष्ट मत असे की, थकलेल्या प्रत्येक मुलाला तपासण्या लिहून देण्यापूर्वी जमिनीवरून उठायला सांगावे, हात डोक्यावर न्यायला लावावेत, पापण्या व बोटे उजेडात पाहावीत. यास एक मिनिट पुरते. आणि घरातील वडीलधाऱ्यांचे बोलणे मध्येच तोडू नये.

ती मुलगी आज चालते-फिरते. कोपराजवळ मात्र कॅल्शियमच्या गाठी राहिल्या. त्या माझ्या तीन आठवड्यांमुळेच झाल्या, असे कोणी म्हणणार नाही. माझ्या मनातून तो हिशेब काही जात नाही.