गियरबॉक्स खोलण्याआधी मीटर लावा

ऑटोमॅटिक गाडी बिघडली की आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो गियरबॉक्स उतरवण्याचा. आमचे मत याच्या उलट आहे. गियरबॉक्स खोलण्याआधी मीटर लावावा, आणि मीटर लावणाऱ्या कारीगराला त्याची मजुरी वेगळी द्यावी. कापडाचा धंदा करणाऱ्यांनी या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. पैसा आमच्या गल्ल्यातून जाणार होता, म्हणून पडलो.

गेल्या पावसाळ्यात भिवंडीहून मालेगावला जाताना कसारा घाटाच्या पायथ्याशी आमची चार गियरची जुनी गाडी जड झाली. थांबून निघताना इंजिन ओरडायचे आणि गाडी रेटत रेटत उठायची. वेग धरला की मात्र ठीक चालायची. एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, पी ०७५३ हा कोड निघाला. 'सोलेनॉइड गेला, गियरबॉक्सही बसला असणार, ८५ हजार लागतील,' असे सांगण्यात आले. आम्हीही घाईत मान डोलावली, हे कबूल केले पाहिजे. नशिबाने त्या दिवशी त्यांच्याकडे जागा नव्हती.

सोलेनॉइड म्हणजे काय? तांब्याच्या तारेचे वेटोळे, त्यात सरकणारी लोखंडी दांडी आणि एक स्प्रिंग. वीज आली की दांडी सरकते, तेलाची वाट उघडते किंवा बंद होते. वीज गेली की स्प्रिंग तिला परत आणते. एअरजेट मागावर बाण्याच्या धाग्याला हवा देणारे व्हॉल्व्ह असेच असतात, आपल्या मागवाल्यांना ते नवे नाहीत. गियरबॉक्समध्ये हवेऐवजी तेल, एवढाच फरक.

टोयोटाच्या ए३४०ई सारख्या चार गियरच्या जुन्या गियरबॉक्समध्ये गियर बदलणारे असे दोनच नळ आहेत. पहिला चालू, दुसरा बंद असला की पहिला गियर. दोन्ही चालू असले की दुसरा. पहिला बंद, दुसरा चालू असला की तिसरा. दोन्ही बंद असले की चौथा. आता पहिला नळ मेला असे धरा. पहिला आणि दुसरा गियर जातात, उरतात तिसरा आणि चौथा; म्हणजे गाडी तिसऱ्यातच उठणार. दोन्ही मेले तर 'डी'मध्ये गाडी चौथ्यातच धावते. कोणते गियर उरले हे चालवणाऱ्याने नीट सांगितले तर अर्धे निदान तिथेच होते. आमच्या गाडीतही हीच रीत होती आणि आमची तक्रार पहिल्या नळाकडे बोट दाखवत होती. क्लच प्लेटा जळल्याचे त्यात काहीच चिन्ह नव्हते.

दुसऱ्या दिवशी एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी तेल पाहिले. पातळी बरोबर, जळका वास नाही. मग गियरबॉक्सच्या बाहेरचा कनेक्टर काढून मीटरची एक पिन त्यात आणि दुसरी गियरबॉक्सच्या अंगाला लावली. १३ ओहम. अशा चालू-बंद प्रकारच्या सोलेनॉइडचे माप थंड असताना ११ ते १५ ओहम असते. माप बरोबर, म्हणजे वेटोळे शाबूत. मग तेच माप कॉम्प्युटरच्या टोकाकडून घेतले, तिथे काहीच येईना. दोष मधल्या तारेत होता. बॅटरीच्या ट्रेखाली तेजाब गळून ती हिरवी पडून तुटली होती. तार बदलली, १,२०० रुपये झाले.

स्कॅनरचा कोड खोटा नव्हता. पण कोड सर्किट सांगतो, चोर सांगत नाही. सर्किटमध्ये वेटोळे आले, पिना आल्या, तार आली, कॉम्प्युटरही आला. मीटरवर शून्याजवळ आकडा आला तर शॉर्ट, काहीच आले नाही तर तार किंवा वेटोळे तुटलेले. गाडी तापल्यावरच बिघाड येत असेल तर माप तापलेल्या गाडीवरच घ्यावे. तांब्याचा रोध उष्णतेने वाढतो, १३ चे ९० अंशाला साडेसोळाच्या आसपास होतात, त्याने घाबरू नये.

एक सावधगिरी तरुण कारीगरांसाठी. तेलाचा दाब सांभाळणाऱ्या सोलेनॉइडचे माप पुष्कळदा ५ ओहमच्या आसपास असते. त्याला बॅटरीचे १२ व्होल्ट थेट देऊ नयेत, मध्ये छोटा बल्ब जोडावा, नाहीतर तपासताना चांगला माल जळायचा.

विजेचे माप बरोबर असूनही व्हॉल्व्ह कचऱ्याने अडकलेला असू शकतो. कोडही तेव्हा बहुधा वेगळा येतो, पी ०७५१ सारखा. अशा वेळी ऑइल पॅन उतरवणे भाग आहे. पॅनमध्ये धातूचा चुरा आणि क्लचचे काळे तुकडे भरपूर निघाले तर मात्र गियरबॉक्सच खोलावा लागतो, तिथे नुसता सोलेनॉइड बदलून पैसे वाचत नाहीत. (२०१४ नंतर स्वस्त गाड्यांत आलेल्या एएमटीला हे सगळे लागू नाही, ती जात वेगळी.)

आता दोष कोणाचा? कारीगर अंदाजाने माल बदलतात हे खरे. पण तासभर मीटर लावून 'माल चांगला आहे' असे सांगणाऱ्याला आपण काय देतो? चहा. बदललेल्या मालाचे पैसे निमूट मोजतो आणि तपासणीचे मागितले की हुज्जत घालतो. कापडाचे ठाण तपासून घडी घालणाऱ्याची मजुरी आपण हिशेबात धरतो, मग गाडीच्या वेळी ती फुकट का समजावी? मीटर काही शे रुपयांत मिळतो. नाक्यावरच्या गॅरेजवाल्याला तो परवडतो. परवडत नाही ती त्याची वेळ. ग्राहक तिची किंमत देणार नसेल तर तोही पान्हा उचलून मोकळा होईल.

त्या मिस्त्रींना आम्ही बिलावर कोड आणि मापे लिहायला सांगितली. आधी ते हसले, मग लिहिले: 'पी ०७५३, गियरबॉक्सकडून १३ ओहम, कॉम्प्युटरकडून तार तुटलेली, तपासणी ५०० रुपये, तार व मजुरी ७०० रुपये.' ते बिल गाडीच्या कप्प्यात ठेवले आहे. पुढच्या वेळी ज्याच्याकडे गाडी जाईल, त्याच्या हाती आधी ते देऊ.