दिसू नये त्याचे चित्र

बंगळूरच्या दक्षिणेस होसूर रस्त्यालगत बोम्मसंद्रा नावाची मोठी औद्योगिक वसाहत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या पिवळ्या मेट्रोमार्गाचे हे एका टोकाचे स्थानक. नाना प्रांतांतून आलेली माणसे येथील कारखान्यांत काम करतात आणि सायंकाळी त्यांची मुले इमारतींच्या अंगणात एकत्र खेळतात. कोणी कन्नड बोलतो, कोणी ओडिया, कोणी मराठी. परंतु त्यांच्या एका खेळास भाषेची अडचण पडत नाही. आईची काळी ओढणी तोंडाभोवती गुंडाळली, की निंजा तयार! गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या मराठी कुटुंबातील अशाच एका नऊ वर्षांच्या निंजाने कुंपणाच्या भिंतीवरून उडी घेतली आणि मनगटाचे हाड मोडून घेतले. हात प्लास्टरमध्ये असताना त्याने मला विचारले, "काका, असा काळा वेष करून निंजा बाजारात गेला, तर सगळे त्याच्याकडेच नाही का बघणार?"

प्रश्न बालकाचा खरा. पण चित्रपटसृष्टीने तो शंभर वर्षे टाळला आहे. त्याचे उत्तर शोधताना जी माहिती हाती आली, तीच आज आपणांपुढे ठेवीत आहे.

जपानात पंधराव्या व सोळाव्या शतकांत सरदारांची आपसांत अखंड युद्धे चालू होती. त्या काळी इगा आणि कोगा या डोंगराळ प्रदेशांतील माणसे हेरगिरीसाठी नावाजलेली होती. त्यांना 'शिनोबी' म्हणत. 'निंजा' हा उच्चार रूढ झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. शांततेचा काळ आल्यावर त्यांची विद्या ग्रंथांत नोंदली गेली. १६७६ मधील 'बानसेनशुकाई' आणि १६८१ मधील 'शोनिनकी' हे त्यांपैकी प्रमुख ग्रंथ होत. 'शोनिनकी'त हेराने घ्यावयाची सात सोंगे सांगितली आहेत; त्यांत भिक्षू आहे, व्यापारी आहे, खेळ करून दाखविणारा आहे आणि अगदी सामान्य माणूसही आहे. शत्रूशी झुंजणे हे हेराचे अपयश, आणि बातमी घेऊन जिवंत परत येणे हे त्याचे यश. म्हणजे आमच्या छोट्या मित्राची शंका ग्रंथकारांना मान्यच झाली असती.

मग हा काळा वेष इतका रुजला कसा? अनेक अभ्यासकांच्या मते याचे एक मूळ जपानी काबुकी रंगभूमीत आहे. तेथे नेपथ्य हलविणारे साहाय्यक काळे कपडे घालून रंगमंचावर वावरतात आणि ते दिसत नाहीत असे प्रेक्षक समजून घेतात. यक्षगानात पात्रप्रवेशाच्या वेळी हातपडदा धरून उभ्या राहिलेल्या दोघांकडे आपण लक्ष देत नाही, त्यातलाच हा प्रकार. काळा रंग हा अशा रीतीने 'हा मनुष्य अदृश्य आहे' असे सांगणारा संकेत होता. पुढे संकेत विसरला गेला आणि वेष तेवढा उरला.

चित्रपटाने प्रथम या पुरुषास जादूगार केले. १९२१ मध्ये माकिनो शोझो यांनी 'गोकेत्सु जिराया' हा मूकपट काढला. त्यात ओनोए मात्सुनोसुके हा लोकप्रिय नट छायाचित्रणाच्या करामतीने क्षणात गुप्त होतो आणि प्रचंड बेडकाचे रूप घेतो. थोडे आधी आपल्या दादासाहेब फाळक्यांनी 'लंकादहन' (१९१७) आणि 'कालियामर्दन' (१९१९) या चित्रपटांत अशाच करामतींनी प्रेक्षकांना थक्क केले होते. कॅमेऱ्याची नवलाई होती, तेव्हा निंजाही नवलाचाच झाला.

१९६२ मध्ये मात्र चित्र पालटले. यामामोतो सात्सुओ यांच्या 'शिनोबी नो मोनो' या चित्रपटात इचिकावा रायझो याने रंगविलेला निंजा घामाने निथळणारा, भिणारा, फसविला जाणारा मनुष्य आहे. त्याचा स्वामी स्वार्थासाठी त्याला प्यादे म्हणून वापरतो. ज्या कादंबरीवरून हा चित्रपट घेतला, ती जपानी कम्युनिस्ट पक्षाच्या वृत्तपत्रात क्रमशः प्रसिद्ध झाली होती, हे ध्यानी घेतले म्हणजे या निंजाच्या तोंडी कष्टकऱ्याचे दुःख का आले, ते कळते. याच चित्रपटात छतातून सोडलेल्या दोऱ्यावरून विषाचे थेंब झोपलेल्या शत्रूच्या ओठांवर सोडण्याचा प्रसंग आहे. पाच वर्षांनी, १९६७ मध्ये, जेम्स बाँडच्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'मध्ये तोच दोरा पुन्हा दिसला. त्यामागचे दुःख मात्र जपानातच राहून गेले.

त्यापुढे निंजा अमेरिकेचा झाला. १९८१ च्या 'एंटर द निंजा'मध्ये नायक इटालियन नट फ्रँको नीरो असून त्याचा वेष चक्क पांढराशुभ्र आहे! १९८५ च्या 'अमेरिकन निंजा'त नायक अमेरिकन सैनिक आहे. १९९० मध्ये तर चार कासवेच निंजा होऊन रुपेरी पडद्यावर आली. चित्रफितींची दुकाने गल्लोगल्ली निघाली होती. घरबसल्या मारामारी पाहणाऱ्यांस ती हवी तेवढी मिळाली. आमच्या मुलांचा निंजा याहून गोजिरवाणा आहे. १९६४ मध्ये जपानी चित्रकथेत जन्मलेल्या 'निंजा हत्तोरी'ची नवी मालिका २०१२ मध्ये जपानी आणि भारतीय संस्थांनी मिळून निर्माण केली, आणि तो आपल्या घरचाच होऊन गेला.

परंतु वाचकहो, असा पुरुष आपल्याकडे नव्हता काय? बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर होती. त्यांच्या पुत्राचा हेर बहिर्जी नाईक येथील मराठी मुलास परका वाटू नये. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजीमहाराजांनी सुरतेवर स्वारी केली, तिच्याआधी त्या शहराची बित्तंबातमी काढण्याचे श्रेय परंपरा बहिर्जीस देते. सांगली जिल्ह्यातील बाणूरगडावर त्याची समाधी दाखवितात. दिग्पाल लांजेकर यांच्या 'फर्जंद' (२०१८) आणि 'फत्तेशिकस्त' (२०१९) या चित्रपटांत बहिर्जीला ठसठशीत स्थान मिळाले. तरीही येथे चित्रपटापुढे तीच अडचण उभी राहते. वेषांतर केलेला बहिर्जी शत्रूस ओळखू येता कामा नये, आणि प्रेक्षकांस मात्र लगेच ओळखू आला पाहिजे! ज्याचे सारे कौशल्य न दिसण्यात, त्याला दाखविण्यासाठीच चित्रपट जन्मलेला. म्हणून प्रत्येक पिढीने त्याला आपल्या हौसेचा वेष चढविला : कोणी जादूचा, कोणी अन्यायाचा, कोणी तलवारीचा.

यात चित्रपटांस दोष देण्याचे कारण नाही. ते आनंदाने पाहावेत. मात्र वेष पाहून मूल भिंतीवर चढते, आणि वेषाआडची विद्या त्याला कोणी सांगत नाही, ही उणीव आपण घरच्यांनी भरून काढावयाची आहे. ती विद्या म्हणजे धीर धरणे, नीट पाहणे, पाहिलेले ध्यानात ठेवणे आणि सुखरूप घरी येणे.

प्लास्टर निघेपर्यंत काय करावे, असे त्या मुलास झाले होते. तेव्हा आम्ही एक खेळ ठरविला. मेट्रो स्थानकापासून घरापर्यंत चालत यावयाचे, कोठे थांबावयाचे नाही, कोणाकडे टक लावून पाहावयाचे नाही, आणि घरी आल्यावर काय काय पाहिले ते सांगावयाचे. पहिल्या दिवशी त्याला तीन गोष्टी आठवल्या. आठवड्याने त्या वीसवर गेल्या. एके सायंकाळी सारी यादी सांगून झाल्यावर तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "काका, स्थानकाबाहेरच्या फुलवाल्या आजी आज एकाच हाताने गजरे बांधत होत्या. दुसरा हात त्यांनी पदराखाली धरला होता. त्यांनाही लागले असेल का हो?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे जाऊन त्यांची विचारपूस करून आलो. रस्त्याने रोज शेकडो माणसे जातात. ते कोणाच्याच ध्यानी आले नव्हते.