पाण्यात घडलेले औषध

२०२१ च्या उन्हाळ्यात काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिस, बळावली तेव्हा राज्यभर रुग्णांचे नातेवाईक अॅम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी वणवण फिरत होते. नाव एक असले तरी या औषधाची रूपे वेगवेगळी आहेत. त्यातली दोन प्रमुख : साधे आणि लायपोसोमल. हा फरक आजही सर्वांना ठाऊक हवा.

साधे अॅम्फोटेरिसिन बुरशी मारते, पण मूत्रपिंडालाही इजा करते. म्युकरचे अनेक रुग्ण मधुमेही असतात, त्यांची मूत्रपिंडे आधीच नाजूक. यावरचा तोडगा पाण्यात सापडला.

तांबड्या रश्श्यावर तवंग येतो, कारण तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. मात्र अंड्याच्या बलकात आणि सोयाबीनमध्ये असे स्निग्ध रेणू असतात, ज्यांच्या डोक्याला पाणी आवडते आणि शेपटीला नको असते. ते पाण्यात गेले की शेपट्या आत लपवून, डोकी पाण्याकडे ठेवून आपोआप दुपदरी भिंतीचा फुगा तयार करतात. हाच लायपोसोम. इंग्लंडच्या अॅलेक बँगहॅम यांनी तो १९६० च्या दशकात ओळखला. औषधातले असे फुगे साधारण १०० नॅनोमीटरचे किंवा त्याहून लहान. केसाच्या जाडीत शेकडो मावतील. अॅम्फोटेरिसिन या भिंतीत धरून ठेवले जाते आणि बुरशीपाशी सुटते. मूत्रपिंडाला झळ कमी बसते.

हे केवळ परदेशी ज्ञान नव्हे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि सहकाऱ्यांनी म्युकरच्या लाटेच्या कितीतरी आधी याच्या भारतीय रूपावर काम केले आहे.

धोका आहे तो अदलाबदलीत. म्युकरसाठी लायपोसोमलची मात्रा वजनाच्या किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम किंवा अधिक असते; साध्याची १.५ च्या पुढे जाता कामा नये. लायपोसोमलच्या हिशेबाने साधे दिले गेले, तर हृदय बंद पडू शकते.

म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठीवर पूर्ण नाव लिहावे. औषध आणणाऱ्याने दुकानात आणि वॉर्डात न संकोचता विचारावे, ‘हे साधे की लायपोसोमल?’ आणि शासनाने लाटेची वाट न पाहता सरकारी रुग्णालयांत लायपोसोमलचा साठा ठेवावा. म्युकर कोरोनाच्या आधीही होता, आजही आहे. महागडे म्हणून हे औषध गरिबाच्या वाट्याला येत नसेल, तर त्याची किंमत त्याचे मूत्रपिंड मोजते.