शनिवारचा थांबलेला घाणा

पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, तेल गाळण्याचा धंदा करणाऱ्या बेने इस्राएल या यहुदी समाजातील कुटुंबांस त्यांचे शेजारी पिढ्यान्‌पिढ्या ‘शनिवार तेली’ म्हणत. या नावात त्यांच्या देवाचा उल्लेख नाही, ग्रंथाचा नाही, ते कोणत्या किनाऱ्यावरून आले याचा मागमूसही नाही. घाणा कोणत्या वारी बंद राहतो, एवढीच त्यात नोंद आहे. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली आणि शनिवारी ठेवणारे ते शनिवार तेली, इतका हा गावकीचा सरळ हिशेब होता. धर्मग्रंथ जवळ न उरलेल्या, हिब्रू भाषा विसरलेल्या आणि घरीदारी मराठीच बोलणाऱ्या या लहानशा समाजाने शेमा ही प्रार्थना, सुंतेचा संस्कार, खाण्यापिण्याचे काही निर्बंध आणि हा एक वार एवढी ठेव शतकानुशतके सांभाळली. गंमत अशी की, ज्या दिवशी बाकीचा गाव तेलाची वाटी घेऊन मारुतीच्या देवळाकडे निघे, नेमका त्याच दिवशी यांचा घाणा थांबलेला असे. धंद्याच्या दृष्टीने याहून गैरसोयीचा वार शोधून सापडला नसता.

हिब्रू भाषेत पवित्राला ‘कादोश’ म्हणतात आणि त्या शब्दाच्या मुळाशी, बहुतेक अभ्यासकांच्या मते, वेगळे काढून ठेवण्याचा अर्थ आहे. शुद्धी, तेज, मांगल्य या आपल्या मनात ‘पवित्र’ म्हणताच उभ्या राहणाऱ्या छटा नंतरच्या. आधी आहे ती हद्द, आणि ही हद्द प्रथम जमिनीवर आखली गेलेली नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने पवित्र ठरविलेली पहिली गोष्ट पर्वत नाही, नदी नाही, वेदीही नाही. तो सातवा दिवस आहे. अब्राहम जोशुआ हेशेल या वॉर्सॉत जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या धर्मचिंतकाने 1951 साली शब्बाथावर, म्हणजे या सातव्या दिवसावर, जो छोटा ग्रंथ लिहिला, त्याचा सारा भर यावरच आहे की, यहुदी धर्माची खरी मंदिरे दगडाची नसून काळाची आहेत. जेरुसलेमचे दुसरे मंदिर इसवी सन 70 मध्ये रोमन सैन्याने उद्ध्वस्त केल्यावरही हा धर्म का टिकला, याचे निदान अर्धे उत्तर येथे मिळते. कारण शुक्रवारची संध्याकाळ जाळता येत नाही.

आपल्याकडेही काळ पवित्र असतो, आणि म्हणूनच येथे भेद नीट पाहिला पाहिजे. आपण पंचांग उघडतो ते बहुधा काही करण्यासाठी: लग्न लावावे कधी, वास्तुशांत करावी कधी, नव्या दुकानाचे कुलूप काढावे कधी. एकादशीचा उपवास आहे, पोळ्याला बैलाच्या मानेवरून जू उतरते, हे खरे. तरी मुहूर्त म्हणजे मुख्यतः कृतीला अनुकूल घटका. शब्बाथाची घटका कृतीला बंदी घालणारी आहे. पेरणी, नांगरणी, दळणे, विणणे, लिहिणे, विस्तव पेटविणे आणि विझविणे, अशी 39 प्रकारची कामे शास्त्र्यांनी मोजून वर्ज्य ठरविली. ही बंदी श्रमापेक्षा निर्मितीवर अधिक आहे. जड खुर्ची घरातल्या घरात सरकविता येते, पण दोन अक्षरे लिहिता येत नाहीत. आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो, त्यांचा सूर्यास्ताला. म्हणून शुक्रवारी सूर्यास्ताच्या सुमारे 18 मिनिटे आधी घरची बाई दिवे लावते आणि दुसऱ्या रात्री आकाशात तीन तारे दिसल्यावर द्राक्षरसाचा प्याला, सुगंधी मसाल्याची डबी आणि अनेक वातींची पिळलेली मेणबत्ती घेऊन त्या दिवसाला निरोप दिला जातो. ती मेणबत्ती द्राक्षरसात विझते तेव्हा क्षणभर चर्र असा आवाज होतो आणि आठवडा पुन्हा सुरू होतो.

आठवडा हे प्रकरण मोठे चमत्कारिक आहे. महिना चंद्र ठरवितो, वर्ष सूर्य ठरवितो. सात दिवसांचे हे चक्र मात्र आकाशात कोठेही फिरताना दिसत नाही. आपण वारांना ग्रहांची नावे देऊन त्याला आकाशाचा दाखला मिळवून दिला. हिब्रूत पहिला दिवस, दुसरा दिवस अशी नुसती मोजणी आहे आणि नाव एकट्या सातव्याला आहे.

सणांची गोष्ट निराळी. ते चांद्रमासावर चालतात, आणि वर्ष ऋतूंपासून ढळू नये म्हणून आपण जसा अधिक मास धरतो तसा त्यांच्यातही 19 वर्षांत सात वेळा ‘अदार’ महिना दोनदा येतो. परंतु हे गणित पक्के होण्यापूर्वी महिन्याची सुरुवात न्यायसभेच्या निकालाने होत असे. चंद्रकोर पाहिलेले साक्षीदार यावेत म्हणून जेरुसलेमात एका मोठ्या चौकात त्यांना मेजवानी दिली जाई, कारण भत्ता नसेल तर साक्षीला कोण येतो, हे त्या कोर्टालाही ठाऊक होते. पुढे यावने येथील सभेचे प्रमुख रब्बान गमलीएल यांनी माडीच्या भिंतीवर चंद्रकोरीच्या निरनिराळ्या आकृत्या काढून ठेवल्या होत्या. साक्षीदाराला त्या दाखवून, अशी पाहिलीस की तशी, असा त्यांचा उलटतपास चाले.

मिश्ना या यहुदी धर्मशास्त्राच्या जुन्या संग्रहात सांगितलेला प्रसंग असा की, एकदा गमलीएल यांनी मान्य केलेली साक्ष खोटी असल्याचे रब्बी यहोशुआ यांस पटले. दोघांच्या गणनेत एका दिवसाचा फरक पडला आणि वर्षातील सर्वांत पवित्र असा प्रायश्चित्ताचा दिवसही दोन ठिकाणी आला. गमलीएल यांनी हुकूम धाडला, की तुमच्या हिशेबाने जो प्रायश्चित्ताचा दिवस येईल त्या दिवशी काठी आणि पैशांची पिशवी घेऊन माझ्यापुढे हजर व्हा. म्हणजे स्वतःच्या गणिताने महापाप ठरेल ते करा. यहोशुआ व्यथित झाले. तेव्हा रब्बी अकीवा यांनी त्यांना समजावले की, सणांचे दिवस माणसांनी पुकारावयाचे असतात आणि न्यायसभेने ज्या दिवशी पुकारले तोच दिवस देवालाही मान्य असतो. यहोशुआ काठी आणि पिशवी घेऊन चालत गेले. गमलीएल आसनावरून उठले, त्यांच्या मस्तकाचे चुंबन घेतले आणि ज्ञानाने गुरू व आज्ञापालनाने शिष्य अशा दोन्ही नात्यांनी त्यांचे स्वागत केले. गणित बहुधा यहोशुआंचेच बरोबर असावे; आणि म्हणूनच ही कथा मला मोलाची वाटते. पवित्र दिवस खगोलाने सिद्ध होत नाही, लोकांनी एकत्र येऊन तो पाळल्याने होतो, एवढे धाडसी विधान एखाद्या धर्माने आपल्याच ग्रंथात जपून ठेवावे, हे विरळा.

कोकणात पोहोचताना सणांच्या या चक्राने स्थानिक स्वयंपाकघराची भाषाही उचलली. प्रायश्चित्ताच्या दिवशी दारे लावून घरात बसावयाचे म्हणून तो ‘दारफळणीचा सण’. त्याच्या दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. मंदिराच्या विध्वंसाचा शोक करावयाचा तो ‘बिरड्याचा रोजा’, कारण उपवास सुटे तो वालाच्या बिरड्यावर. जेरुसलेमचे दुःख वालाच्या बिरड्यात उतरले आणि त्याच्या उपवासाला ‘रोजा’ हा शब्द मिळाला तो फारसी, याची मौज कोकणाबाहेरच्या वाचकाला सांगूनही कळणार नाही.

वेगळे काढून ठेवणे जेथे येते तेथे माणसांनाही वेगळे काढण्याचा मोह येतो, हा या कल्पनेचा दोष झाकण्यात अर्थ नाही. खुद्द बेने इस्राएलांनाच इस्राएलात गेल्यावर विवाहाच्या बाबतीत पूर्ण यहुदी म्हणून मान्यता मिळविण्यासाठी 1960 नंतरच्या काही वर्षांत झगडावे लागले. परंतु शब्बाथाची मूळ आज्ञा वाचली तर तिच्यात धन्याबरोबर चाकर, दासी, दारचा परका आणि बैल यांनाही विश्रांती सांगितलेली आहे, आणि बायबलातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात तिचे कारणही स्पष्ट दिले आहे: तुम्ही स्वतः मिसरात गुलाम होता. गुलामाला स्वतःचा वेळ नसतो. निर्गमाच्या वेळी या लोकांना मिसर देशातच मिळालेली पहिली आज्ञा महिने मोजण्याविषयी आहे, ती याचसाठी असावी. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवणारे ‘शमिता’ वर्ष हे त्याच न्यायाचे मोठे आवर्तन. ते 2021च्या सप्टेंबरात सुरू झाले होते, आता 2028च्या सप्टेंबरात सुरू होईल.

हल्ली आठवड्याला सत्तर तास काम करण्याची शिफारस मोठ्या खुर्च्यांवरून ऐकू येते, आणि ती ऐकणारे रविवारीही खिशातल्या फोनचा तगादा चुकवू शकत नाहीत. अशा वेळी सुटी म्हणजे धन्याची मेहेरबानी नव्हे, हे पुन्हा सांगावे लागते. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या अनेक वर्षांच्या झगड्यानंतर, 1890 साली. शनिवार तेल्याच्या घाण्याच्या बैलाला आठवड्याची सुटी त्याच्या पुष्कळ आधीपासून होती.