भराभर खाणारा कुत्रा आणि बिडाचे अप्पेपात्र

गेल्या आषाढातील एका संध्याकाळी गारखेडा परिसरातील एक निवृत्त शिक्षिका आपल्या आठ वर्षांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलाच्या मनगटावर रुमाल गुंडाळलेला, रुमालाखाली हळद दाबलेली आणि हळदीखाली कुत्र्याच्या दातांच्या तीन खुणा. रक्त आलेले होते. "घरचाच आहे हो, डॉक्टर. वाघ्या आमचा. त्यानं मुद्दाम नाही केलं," असे त्या तीनदा म्हणाल्या.

मुद्दाम केले की चुकून, हा प्रश्न रेबीजच्या विषाणूला पडत नाही. मुलाला आधी नळाखाली उभे केले आणि वाहते पाणी व साबण यांनी जखम घड्याळ लावून 15 मिनिटे धुतली. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही जखमेवर लावू नये, हे मी या पानावर पूर्वीही लिहिले आहे आणि पुन्हा लिहीन. वाघ्याची लस चुकून दीड वर्ष झाले होते. कातडी फाटून रक्त आलेले असल्याने लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन देणे आवश्यक होते. त्यासाठी दोघांना त्याच रात्री घाटी रुग्णालयात पाठवले. वाघ्यावर दहा दिवस नजर ठेवण्यास सांगितले, मात्र ते दहा दिवस संपण्याची वाट न पाहता मुलाची लस सुरू झाली पाहिजे, हेही बजावले.

तिसऱ्या दिवशीच्या डोससाठी ते परत आले तेव्हा निवांत बोलणे झाले. मुलाने खोडी काढली नव्हती. वाघ्याच्या ताटातले दूध संपले असे वाटून तो पातेले घेऊन वाकला होता, इतकेच. "खायला लागला की त्याला भान राहत नाही, डॉक्टर. मोठं ताट दीड मिनिटात साफ. मग अंगणात जाऊन सगळं तसंच्या तसं ओकतो आणि पुन्हा तेच खातो. घरातले हसतात. मला मात्र ते बघवत नाही."

वाघ्या हा कारवान जातीचा, कन्नडकडच्या एका तांड्यावरून पिल्लू असताना आणलेला. मराठवाड्यातील वाचकांनी हे कुत्रे पाहिलेले असतील. लांब तोंड, आत ओढलेले पोट, उंच पाय आणि खोल पण अरुंद छाती. झुपकेदार केसांचा असेल तर त्याला आपल्याकडे पश्मी म्हणतात. याच कुळातील मुधोळ हाउंडला भारतीय टपाल खात्याने 2005 साली तिकिटावर स्थान दिले. दख्खनच्या माळावर सशामागे धावण्यासाठी घडलेले हे शरीर आहे. मात्र काकूंनी वाघ्याची छाती वर्णन केली तेव्हा मला ससे आठवले नाहीत. मला आमचा राजा आठवला.

राजा आमच्या घरचा जर्मन शेफर्ड, सात वर्षांचा. 2009 च्या उन्हाळ्यात घरात लग्न होते. पाहुणे जेवून उठल्यावर कोणीतरी उरलेल्या भाताचे मोठे पातेले त्याच्यापुढे ठेवले. त्याने ते पाहता पाहता संपवले आणि मुलांबरोबर अंगणात हुंदडू लागला. रात्री अकराच्या सुमारास तो अस्वस्थ झाला. बसे, उठे, पोटाकडे वळून पाही. उलटी करण्यासाठी मान ताणून जोर लावी, पण तोंडातून फेसाळ लाळेखेरीज काही पडत नसे. बरगड्यांमागे पोट नगाऱ्यासारखे ताणलेले होते. मी डॉक्टर. मी पोटावर टिचकी मारून पाहिली, आत हवा आहे हे ओळखले आणि माणसाला देतो तेच गॅसचे औषध त्याला पाजले. "सकाळपर्यंत बरा होईल," असे घरच्यांना सांगून झोपलो. पहाटे चारला पत्नीने उठवले तेव्हा त्याच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. पशुवैद्यकाला फोन लागेपर्यंत तो गेला.

परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून शिकलेले एक स्नेही दुसऱ्या दिवशी भेटायला आले. त्यांनी मला जे समजावले ते एमबीबीएसच्या पुस्तकात नव्हते. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत जठर हवेने फुगते आणि कधी कधी स्वतःभोवती फिरून त्याला पीळ पडतो. पीळ पडला की वरचे आणि खालचे दोन्ही दरवाजे बंद होतात. अन्न आतड्यात जात नाही आणि उलटीही होत नाही. आत वायू वाढतच राहतो. फुगलेले जठर हृदयाकडे रक्त नेणारी मोठी नीला दाबून टाकते, हृदयाला रक्त कमी पडते आणि प्राणी शॉकमध्ये जातो. जठराच्या भिंतीचाही रक्तपुरवठा तुटतो. हा सगळा खेळ काही तासांचा असतो. नळी किंवा सुई घालून हवा काढणे, शिरेतून सलाइन देणे आणि लगोलग शस्त्रक्रिया करून जठर सरळ करणे व पोटाच्या भिंतीला टाचणे, एवढाच मार्ग असतो. गॅसच्या औषधाचा उपयोग शून्य.

म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो, बाकीचा लेख वाचला नाही तरी चालेल. कुत्रा ओकण्याचा वारंवार प्रयत्न करतो आहे आणि काहीच पडत नाही, पोट ताणले आहे, लाळ गळते आहे, तो एका जागी ठरत नाही, अशी चिन्हे दिसली तर रात्रीचे दोन वाजले असले तरी पशुवैद्यकाकडे निघा. आपल्या शहरात रात्री-अपरात्री कोणता पशुवैद्यक उपलब्ध असतो, त्याच्याकडे शस्त्रक्रियेची सोय आहे की नाही, हे आजच विचारून नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

आता वाघ्याच्या घाईकडे वळू. आपण मुलांना घास चावून खा म्हणतो. कुत्र्याला हा उपदेश लागू पडत नाही. त्याचे दात मांस फाडण्यासाठी व कापण्यासाठी आहेत, जात्यासारखे दळण्यासाठी नाहीत. माणसाच्या लाळेत पिष्ट पचवणारा अमायलेज हा पाचकरस असतो, कुत्र्याच्या लाळेत तो जवळजवळ नसतोच. त्याचे पचन जठरापासून पुढे सुरू होते. (माणसाच्या चुलीजवळ राहून त्याने भाकरी पचवण्याची क्षमता मात्र कमावली आहे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात लांडग्यापेक्षा कुत्र्यात स्वादुपिंडातील अमायलेजच्या जनुकाच्या प्रती कितीतरी अधिक आढळल्या.) घास गिळणे हा त्याचा स्वभाव आहे, दोष नाही. दोष सुरू होतो तो वेगात. अन्नाबरोबर भरमसाट हवा गिळली जाते, जठर एकाएकी ताणले जाते आणि अन्न जसेच्या तसे बाहेर येते. पोळीचा मोठा तुकडा घशात अडकून गुदमरण्याचाही धोका असतो.

पीळ आणि घाई यांचा संबंध अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी तपासला. अकरा जातींच्या सोळाशेहून अधिक मोठ्या कुत्र्यांचा त्यांनी मागोवा घेतला आणि 2000 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वाढते वय, जवळच्या रक्तातील कुत्र्याला हा आजार झालेला असणे आणि भराभर खाणे यांनी धोका वाढत होता. चौथी गोष्ट अनेकांना चकित करणारी होती. खाण्याचे भांडे स्टुलावर किंवा चौरंगावर उंच ठेवल्यानेही धोका वाढत होता. तोवर मान आखडू नये, हवा कमी जावी, म्हणून उंच भांड्याचा सल्ला सर्रास दिला जाई. तुम्हीही तसे करीत असाल तर भांडे जमिनीवर उतरवा.

काकूंनी विचारले, "मग ते हळू खाण्याचं भांडं मिळतं म्हणे, ते घेऊ का?" बाजारात त्याला स्लो फीडर म्हणतात. भांड्याच्या तळाशी उंचवटे, वळणे, भिंती असतात. अन्न त्यांच्या फटीत बसते आणि कुत्र्याला ते जिभेने थोडे थोडे काढावे लागते. कल्पना साधी आणि उपयुक्त आहे. खाल्ल्याबरोबर ओकणे त्याने बहुतेकदा कमी होते. मात्र हे भांडे घेतले म्हणजे जठराला पीळ पडणार नाही असे कोणी छातीठोकपणे सांगू लागले तर त्यावर विश्वास ठेवू नका. धोक्याच्या अनेक कारणांपैकी एकाला ते आवर घालते, एवढेच. दिवसाचे अन्न एकदम न देता दोन किंवा तीन वेळा विभागून देणे त्याच्याइतकेच महत्त्वाचे. जेवणानंतर तासभर धावपळ नको, असेही पशुवैद्यक सांगतात. राजाची ती रात्र आठवली की हा सल्ला मला पटतो.

काकूंच्या मुलाने प्लॅस्टिकचे भांडे मागवले. वाघ्याने पहिल्या दिवशी ते पंजाने उलटे केले आणि फरशीवर पडलेले सगळे एका दमात खाल्ले. दुसऱ्या दिवशी त्याची कड चावून तुकडा काढला. असा तुकडा आतड्यात अडकला तर पुन्हा शस्त्रक्रियाच. तेव्हा भांडे जड हवे, खाली रबर असलेले किंवा पोलादाचे. पग किंवा बॉक्सरसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला खोल खाचा त्रासदायक होतात, त्याला उथळ आणि रुंद वळणे लागतात.

काकूंनी यावर स्वतःच तोड काढली. माळ्यावर पडलेले बिडाचे जुने अप्पेपात्र त्यांनी खाली आणले. ते हलत नाही, उलटत नाही, चावून तुटत नाही. बारा खळ्यांत बारा लहान घास दाबून बसवायचे. मला ही युक्ती इतकी आवडली की मी ती आणखी तीन घरांत सांगितली. फक्त ज्यांचा काळा मुलामा सोलवटला आहे अशी नॉनस्टिक पात्रे वापरू नका, आणि बीड गंजते म्हणून धुतल्यावर पुसून ठेवा. खाचांत अडकलेली दूधपोळी आपल्या वैशाखात दोन तासांत आंबते, मुंग्या लागतात. भांडे कोणतेही असो, प्रत्येक वेळी घासणीने घासले पाहिजे. पहिल्या दिवशीच सगळे जेवण खळ्यांत दडवू नका. अर्धे तेथे, अर्धे नेहमीच्या ताटात. भुकेला कुत्रा चिडला तर ते भांडे त्याचे शत्रू होते.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न, तो घाई का करतो? तांड्यावर सात-आठ पिल्ले एका परातीभोवती वाढतात. जो थांबतो तो उपाशी राहतो. वाघ्याला आता वाटेकरी कोणी नाही, पण हे त्याला कोणी सांगितलेले नाही. घरात दोन कुत्रे असतील तर त्यांना दोन खोल्यांत, एकमेकांना न दिसता वाढा. कित्येकदा नवे भांडे घेण्याची गरजच उरत नाही. पूर्वी शांतपणे खाणारा कुत्रा अचानक हावरट झाला, खाऊनही खंगू लागला किंवा फार पाणी पिऊ लागला, तर ते भांड्याचे काम नव्हे. जंत, मधुमेह, स्वादुपिंडाचा बिघाड, यांपैकी काही असू शकते. स्टिरॉइडच्या गोळ्यांनीही भूक खवळते, हे तर मी माझ्या रुग्णांमध्ये रोज पाहतो.

आणि ज्याला वाटते की आपले अन्न कोणी हिरावून नेईल, तो त्यावर वाकलेल्या हाताला चावतो. ताटाजवळ आलेला हात घ्यायला आला की द्यायला, हे त्याला त्या क्षणी कळत नाही. म्हणून काकूंना मी नियम घालून दिला. वाघ्या खात असताना मुलाने तीन पावलांच्या आत जायचे नाही. ताट मध्येच उचलून त्याला 'शिस्त' लावण्याचा प्रयोग मोठ्यांनीही करायचा नाही, त्याने संशय वाढतो. वाढायचे राहिले असेल तर तो बाजूला झाल्यावर वाढायचे. जगभरात रेबीजने दगावणाऱ्या माणसांपैकी 99 टक्क्यांना हा रोग कुत्र्यापासून होतो आणि संशयित प्राणी चावलेल्यांत 15 वर्षांखालील मुले सुमारे 40 टक्के असतात. ही लहान माणसे कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतात आणि त्यांना ताटाजवळचा धोका कळत नाही.

मध्येच काकूंनी नातवाकडे पाहून विचारले, "याच्यासाठी मिळतं का हो असं ताट? मोबाइल बघत पाच मिनिटांत जेवून उठतो." मी हसलो, पण प्रश्न चुकीचा नव्हता. पोट भरल्याची वर्दी मेंदूला पोचण्यास साधारण वीस मिनिटे लागतात, आणि फार घाईने जेवू नये हा नियम चरकसंहितेतही आहे. गंमत म्हणजे फार रेंगाळतही जेवू नये, असेही तेथेच सांगितले आहे. मुलासाठी अप्पेपात्राची गरज नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवला तरी पुरे.

अठ्ठाविसाव्या दिवशी पाचव्या डोससाठी दोघे आले. वाघ्या दहा दिवसांनंतरही ठणठणीत होता आणि त्याचीही लस झाली होती. मुलाने खिशातून चौकोनी वहीचा एक कागद काढून माझ्यापुढे धरला. रोज पायरीवर, तीन पावले सोडून, घड्याळ घेऊन बसत त्याने वाघ्याच्या जेवणाची वेळ टिपली होती. पहिली ओळ दीड मिनिट, मग चार, मग पुन्हा तीन, मग सहा. शेवटच्या ओळीत आदल्या रात्रीचे साडेआठ मिनिट लिहिले होते. ओकल्याची खूण म्हणून काढलेली फुली शेवटच्या अकरा दिवसांत कुठेही नव्हती. काकू म्हणाल्या, आता घरात अप्पे करायचे म्हटले तर पात्र नाही, तेव्हा जाताना गुलमंडीवरून दुसरे घेऊन जाणार आहोत.