गोळीचे माप आणि कायद्याचे माप

हिरण्यकेशीच्या काठचा ऊस आणि माळरानावरचा भुईमूग गडहिंग्लजच्या बाजारपेठेत येतो तेव्हा त्याच्या भावाची चर्चा होते; परंतु तोच माल राखण्यासाठी शेतकऱ्याने माळ्यावर जागून काढलेल्या रात्रींचा हिशेब कोणी मांडत नाही. तालुक्याच्या पश्चिमेकडील गावांत आणि त्यापलीकडे आजरा-चंदगडच्या डोंगरपट्ट्यात रानडुकरांचा एखादा कळप रातोरात भुईमुगाचे वावर उकरून टाकतो. गवे उभ्या पिकात शिरतात आणि या शतकाच्या प्रारंभापासून कर्नाटकातून आलेल्या हत्तींची त्यात भर पडली आहे. अशा शेतकऱ्याच्या हाती संरक्षणाचे जे साधन कायद्याने दिले आहे, ते म्हणजे ठासणीची बंदूक.

१९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमाने पीकसंरक्षणाच्या खऱ्याखुऱ्या गरजेसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद केली आहे. शेतकऱ्याची अडचण ओळखणारी ही तरतूद आहे, यात शंका नाही. परंतु त्याच कायद्याचे पाचवे कलम परवान्याशिवाय दारूगोळा तयार करण्यास मनाई करते आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याच्या सुट्या भागांचाही समावेश होतो. शिशाचा तुकडा वितळवून चुलीपाशी गोळी ओतणारा परवानाधारक शेतकरी या दोन कलमांच्या मधोमध उभा आहे. त्याच्या बंदुकीला मान्यता आहे. तिच्यात घालावयाच्या गोळीचे काय, हा प्रश्न मात्र त्याच्यावरच सोडून देण्यात आला आहे.

हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. ‘बारा बोअर’ हा शब्द सर्वांच्या तोंडी असतो. त्याचा उगम शिशाच्या गोळीतच आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या असता त्यांतील एक गोळी ज्या नळीत बरोबर बसते, ती बारा बोअरची नळी. तिचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर आणि गोळीचे वजन सुमारे ३८ ग्रॅम भरते. सोळा बोअरची नळी अवघी १.७ मिलिमीटरने लहान असते, परंतु तिच्या गोळीचे वजन २८ ग्रॅमच्या आसपास उतरते. व्यासातील लहानशा फरकाने वजन किती पालटते, हे यावरून ध्यानात यावे.

नव्या कारखानी बंदुकीच्या बाबतीत हे माप ठरलेले असते. वाडवडिलांपासून चालत आलेल्या, झिजलेल्या वा गंजलेल्या नळीचे माप मात्र ज्याचे त्यालाच ठाऊक. ठासणीच्या बंदुकीची गोळी नळीपेक्षा किंचित लहान असावी लागते आणि उरलेली फट चिंधीने भरून निघते. गोळी मोठी झाली तर ती गजाने ठासतानाच मध्ये अडकते; गोळी आणि दारू यांमध्ये पोकळी राहते आणि बार काढताच नळी फुगण्याचा किंवा फुटण्याचा धोका उद्भवतो. गोळी फारच लहान असेल, तर वायू बाजूने निसटून बार दुबळा होतो. शिवाय नळी खाली झुकताच गोळी पुढे घरंगळून तीच पोकळी निर्माण होते. दुबळ्या बाराने डुक्कर मरत नाही, जखमी होते. आणि जखमी डुकराच्या मागावर अंधारात उसाच्या फडात शिरणे म्हणजे काय, हे या भागातील शेतकऱ्याला सांगावयास नको.

परदेशांत घरी गोळ्या ओतणारे नेमबाज ओतीव गोळी पोलादी साच्याच्या भोकातून दाबून काढतात आणि तिचा व्यास इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत जुळवून घेतात. ठासणीच्या बंदुकीला इतक्या काटेकोरपणाची गरज नाही. ठरावीक भोकाचे एक पोलादी कडे आणि त्यातून न जाणारी गोळी बाजूला काढण्याची शिस्त एवढे पुरेसे आहे. तेही आज शेतकऱ्याजवळ नाही, कारण जे काम उजळमाथ्याने करता येत नाही त्याला अवजार मिळत नाही आणि शिक्षणही मिळत नाही.

दुसरा धोका स्वयंपाकघरातला आहे. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. घरच्या चुलीला ही उष्णता सहज गाठता येते. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला तरी त्याची वाफ होऊन रस उसळतो. जुन्या बॅटरीतील शिसे वापरले तर आम्लाचा आणि इतर विषारी द्रव्यांचा संसर्ग वाढतो. शिशाची धूळ भांड्यांवर बसते आणि तेथून लहान मुलांच्या पोटात जाते. मुलांच्या रक्तात शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे स्पष्ट मत आहे. पीक राखण्याची किंमत अशा रीतीने घरातील मुलाने चुकती करावी, हे कोणत्याही हिशेबात बसणारे नाही.

गोळ्या सुलभ झाल्या तर चोरटी शिकार वाढेल, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच अनाठायी नाही. गवा आणि हत्ती यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे आणि ते असलेच पाहिजे. रानडुकरालाही पूर्वपरवानगीविना मारता येत नाही. परंतु अर्थशास्त्राचा साधा नियम असा की, ज्या वस्तूची गरज मान्य करून पुरवठ्याची वाट बंद केली जाते, ती नाहीशी होत नाही, नजरेआड होते. चुलीवर ओतलेल्या गोळीची नोंद कोठेच नसते. मोजून, मापून आणि वहीत नोंदवून दिलेल्या गोळीचा हिशेब विचारता येतो. शिकार रोखावयाची असेल, तर दुसरीच गोळी शासनाच्या अधिक सोयीची आहे.

सामानगडच्या गडकऱ्यांनी १८४४ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव केला, त्या काळातील सत्तेला प्रजेच्या हातातील शस्त्राचा संशय वाटणे स्वाभाविक होते. आजच्या शासनाने संशयाऐवजी व्यवस्था उभी करावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. नूतनीकरणाच्या वेळी प्रत्येक ठासणीच्या बंदुकीची तपासणी व्हावी, तिच्या नळीचे माप परवान्यावर मिलिमीटरमध्ये नोंदवावे आणि नादुरुस्त नळी बाद करावी. तालुक्याच्या सहकारी खरेदी-विक्री संघासारख्या संस्थेला आवश्यक तो परवाना देऊन मापाच्या गोळ्या नोंदणीनिशी पुरवाव्यात. बियाणे आणि खत पोहोचविणाऱ्या सहकाराला हे काम अवघड जाऊ नये.

बंदूक हा वन्यप्राण्यांच्या प्रश्नावरचा अंतिम तोडगा नव्हे. कुंपण, वेळेवर भरपाई आणि जंगलाचे रक्षण हेच खरे उपाय होत. परंतु ते हाती येईपर्यंत शेतकऱ्याला रात्र काढावयाची आहे. त्याच्या हाती बंदूक देणाऱ्या कायद्याने गोळीचे मापही त्याच्या हाती द्यावे, एवढीच अपेक्षा आहे.