आधीं प्रत, मग दुरुस्ती

वसमतच्या आमच्या घरचा जुना लॅपटॉप गेल्या महिन्यांत वारंवार अडूं लागला. थोरल्या वहिनींनीं सांगितलेला कुलवृत्तांत त्यांतच होता, आणि वहिनी आतां नाहींत. नातवाकडून आम्हीं प्रथम त्याची प्रत पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. मगच विंडोजमधील ‘डिझम’ हें दुरुस्तीचें साधन चालविलें. आंकडा २० टक्क्यांवर येऊन खिळला. नातू यंत्र बंद करावयास निघाला. आम्हीं त्याचा हात धरला.

वाचकहो, आंकडा थांबला म्हणजे काम थांबलेंच असें नव्हे. हें साधन बिघडलेल्या भागांच्या निर्दोष प्रती बहुधा इंटरनेटवरून मागवितें; तेथें विलंब व्हावयाचाच. ‘टास्क मॅनेजर’मध्यें डिस्कची हालचाल दिसत असेल तोंवर धीर धरावा. तासाभरानें १०० चा आंकडा उमटला. नंतर ‘एसएफसी स्कॅननाऊ’ ही आज्ञा दिली. क्रम हाच ठेवावा. कारण दुसरें साधन पहिल्यानें सुधारलेल्या सांठ्यांतूनच फाइली घेतें.

लॅपटॉप चालूं लागला. तथापि विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला आहे. औषध लागू पडलें, तरी वय परतत नाहीं. म्हणून वहिनींच्या शब्दांची दुसरी प्रत आम्हीं कागदावर काढून देवघराशेजारच्या कपाटांत ठेविली आहे.